‘पाणी आलंय’चं जर्मन

16 मे 2020, शनिवार, संध्याकाळचे सात. मार्चपासून कोल्हापूरचं शाहू स्टेडियम बंद होतं. पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल सामने अर्ध्यावर थांबले होते. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी दादा आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. टाळेबंदीनंतर जगातल्या मोठ्या फुटबॉल लीगांपैकी सगळ्यात आधी जर्मनीची बुंडेसलीगा सुरू होत होती. सामना डॉर्टमुंड विरुद्ध शाल्केचा. 80 हजारांहून जास्त माणसं मावणारं मैदान, आणि आत एकही प्रेक्षक नाही.

प्रेक्षक नसल्यामुळे एक वेगळीच गोष्ट घडली. खेळाडूंचं ओरडणं ऐकू यायला लागलं. निवेदन इंग्रजीत चालू होतं, पण त्याच्या खालून मैदानातले आवाज स्पष्ट येत होते. कोणीतरी सारखं ओरडायचं, ‘हिंटरमान!’ मला काहीच कळेना. दादा गल्लीतल्या संघात बचावफळीत खेळतो. त्याचं लक्ष टीव्हीवरच होतं, न वळता म्हणाला, “मागं माणूस हाय म्हणून सांगतोय त्यो.”

रात्री शब्दकोशात पाहिलं. ‘हिंटर’ म्हणजे मागे, ‘मान’ म्हणजे माणूस. दादाला जर्मनचा एक शब्द येत नव्हता, पण असा चेंडू आल्यावर मागून साथीदार काय ओरडतो हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. मी शिकलेला हा पहिला जर्मन शब्द, आणि त्याचं भाषांतर मला दादानं करून दिलं.

जर्मन शिकायचं माझ्या मनात आधीपासून होतं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लोखंड ओतणाऱ्या एका फौंड्रीच्या ऑफिसात मी निर्यातीची कागदपत्रं बघते. आमचं कास्टिंग ज्यांच्याकडे जातं त्यातले एक ग्राहक जर्मनीतले. पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, पण तपासणीचे अहवाल आणि ड्रॉइंगवरच्या टिपा बऱ्याचदा जर्मनमध्येच असतात. वर्गाला जायला वेळ कधी जमला नाही. त्या शनिवारनंतर ठरवलं, जे रोज कानावर आणि डोळ्यांसमोर येईल त्यातूनच शिकायचं.

सुरुवात सामन्यांच्या लाइव्ह टिकरनं केली. टिकरमध्ये मिनिटामिनिटाला दोन-तीन ओळी येतात. वाक्यं छोटी, आणि चित्र शेजारी टीव्हीवर चालू. ‘टोर’ म्हणजे गोल आणि ‘टोर’ म्हणजे दरवाजाही, म्हणून गोलरक्षक हा ‘टोरवार्ट’, दाराचा राखणदार. पेनल्टीला ‘एल्फमेटर’, म्हणजे सरळ अकरा मीटर. धक्का लागल्याचं सोंग करून पडण्याला ‘श्वाल्बे’, पाकोळी. जमिनीलगत झेपावणारी पाकोळी आमच्या वाड्याच्या आढ्याला दरवर्षी घरटं करते, त्यामुळे तो शब्द एकदा ऐकला आणि कायमचा बसला. ‘एंग्लिशे वोखे’नं मात्र आठवडाभर छळलं. शब्दाला शब्द ठेवला तर ‘इंग्लिश आठवडा’. अर्थ असा की शनिवार-रविवारखेरीज मधल्या वारीही सामना असलेला आठवडा. असा शब्द कोशात सापडून भागत नाही, त्यासाठी वेळापत्रक बघावं लागतं.

दुसऱ्याच शनिवारी फसले. टिकरवर लिहिलं होतं, सामना ‘हाल्प फीर’ला. हाल्प म्हणजे अर्धा, फीर म्हणजे चार. मी साडेचार धरले. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे, म्हणून आपल्याकडे आठ. दादाला आठची वेळ सांगितली. आठला टीव्ही लावला तर उत्तरार्ध सुरू होत होता. दादा त्या रात्री माझ्याशी बोलला नाही.

‘हाल्प फीर’ म्हणजे साडेतीन. चौथ्यातला अर्धा. हे डोक्यात शिरेना, म्हणून मी आपल्या आकड्यांकडे वळले आणि तिथंच उत्तर सापडलं. साडेतीन, साडेचार आपण आधीच्या आकड्यावर अर्धा चढवून म्हणतो, पण अडीच तसा नाही. अडीचच्या मुळाशी संस्कृतातलं ‘अर्धतृतीय’ आहे. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. म्हणजे अडीचपुरता मराठी माणूस जर्मनांसारखाच मोजतो. दीडचंही तेच, जर्मनमध्ये त्याला ‘आंडरटहाल्प’ म्हणतात, दुसरा अर्धा. दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग आधी अडीच आठवायचं, आन् मग वेळ सांगायची.” तेव्हापासून तसंच करते.

आकड्यांतलं दुसरं नातं याहून जवळचं. जर्मनमध्ये 43 म्हणताना आधी तीन येतात, मग चाळीस: द्रायउंटफीर्त्सिश. मोठे आकडे ऐकताना त्यामुळे गोंधळ होतो, असं शिकणारे लोक सांगतात. मला झाला नाही. त्रेचाळीसमध्येही त्रे आधी आणि चाळीस मागून.

रिकाम्या मैदानातल्या त्या सामन्यांना जर्मन लोक ‘गाइस्टरश्पील’ म्हणत होते. गाइस्ट म्हणजे भूत किंवा आत्मा, श्पील म्हणजे खेळ. वहीत मी लिहिलं, ‘भुतांचा सामना’. मग खोडलं, कारण भुतं खेळत नव्हती, खेळत होती माणसं आणि नव्हते ते बघणारे. ‘प्रेक्षकविरहित सामना’ लिहिलं. अर्थ बरोबर, पण वाचून घशात काही दाटत नाही, आणि त्या शब्दानं जर्मन माणसाच्या घशात काहीतरी दाटत असणार. आज्जीला विचारलं, यात्रेत देवाची पालखी आहे, पण माणूसच नाही, तर काय म्हणशील? तिनं ताबडतोब सांगितलं, “सुनी जत्रा.” मी वहीत ‘सुना सामना’ लिहिलं. अजून तेच ठेवलं आहे.

वहीत तीन रकाने होते. पहिल्यात ऐकलं तसं देवनागरीत, दुसऱ्यात रोमन लिपीत जर्मन लिहितात तसं, आणि तिसऱ्यात ‘आपल्यात काय म्हणतील’. कोशातल्या अर्थाला रकाना मुद्दाम ठेवला नाही. तो कधीही बघता येतो.

पावसाळ्यापासून बातम्यांवर आले. ‘डॉइचे वेले’ शिकणाऱ्यांसाठी त्याच दिवसाच्या बातम्या सावकाश वाचून देतं, आणि सोबत लिखित मजकूरही असतो. पहाटे आंघोळीआधी मी एकच बातमी तीनदा घ्यायचे. आधी नुसती कानानं. मग मजकूर समोर ठेवून. मग त्या निवेदकाबरोबर मोठ्यानं, त्याच्याच चालीत. तिसऱ्या फेरीला आज्जी देवघरातून म्हणायची, “हळू, देवाला वाटंल मंत्र चुकतोय.” पहिले दोन महिने पहिल्या फेरीत फक्त देशांची नावं आणि आकडे कळायचे. ऑक्टोबरच्या सुमारास एका सकाळी क्रियापद येण्याआधीच वाक्य कुठं चाललंय याचा अंदाज आला. जर्मन वाक्यात पोटवाक्याचं क्रियापद शेवटी जाऊन बसतं. इंग्रजीतून जर्मनकडे जाणाऱ्यांना ते जड जातं म्हणे. आपण जन्मभर वाक्याच्या शेवटापर्यंत थांबत आलोय. मी इंग्रजीतून शिकणं सोडून सरळ मराठीतून ऐकायला लागले, आणि तिथून वेग आला. कुणी विचारलं तर मी हे एकच ठासून सांगते: मध्ये इंग्रजी घेऊ नका.

हवामानाच्या बातम्या मला सगळ्यांत आवडायच्या. ‘शाउअर’ म्हणजे सर. ‘नीझलरेगन’ म्हणजे भुरभुर. ‘लांटरेगन’ म्हणजे मोठ्या मुलखावर एकसारखा, तासन्‌तास न थांबता पडणारा पाऊस. इंग्रजी शब्दकोशात त्याला लांबलचक वर्णन होतं. आमच्याकडे दोन अक्षरांचा शब्द तयार: झड. गगनबावड्याकडं झड लागली की पंचगंगा काय करणार हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला माहीत असतं. वळीवासाठी मात्र शब्द मिळाला नाही. ‘गेविटर’ म्हणजे गडगडाटी पाऊस, तो बारा महिन्यांत केव्हाही येतो. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या मातीवर पडणारा, आंब्याच्या कैऱ्या झोडपणारा वळीव त्यात बसत नाही.

एवढं येऊ लागल्यावर ऑफिसात धीर वाढला, आणि तिथंच मोठी चूक झाली.

एका अहवालात लिहिलं होतं की ‘श्पाइझर’जवळ ‘लुंकर’ सापडले. ‘श्पाइझन’ म्हणजे जेवणे, जेवू घालणे. त्यावरून श्पाइझर म्हणजे जेवू घालणारा. वितळलेलं लोखंड साच्यात थंड होताना आकसतं, आणि आकसल्यामुळे पडणारी जागा भरायला वरून आणखी धातू पुरवणारा जो भाग असतो, तो हा. अर्थ मी बरोबर लावला होता. लुंकर म्हणजे आकसल्यामुळे राहिलेली पोकळी, तेही बरोबर. शॉपसाठी मी मराठीत चिठ्ठी केली: ‘पोषक स्तंभाजवळ संकोच-पोकळी आढळली.’ अभिमानानं खाली पाठवली. मिस्त्रींनी ती वाचली, बाजूला ठेवली, आणि विचारायला कुणी वर आलं नाही. एक पाळी तशीच गेली. त्या पाळीत ओतलेल्या साच्यांत तोच दोष पुन्हा निघाला.

संध्याकाळी मिस्त्री वर आले. रागावले नाहीत. “ताई, रायझरपाशी श्रिंकेज हाय, असं लिवायचं हुतं की.” मला आजही ते लागतं. रायझर, रनर, कोअर, ब्लो होल हे उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत तीन पिढ्यांच्या तोंडातले मराठी शब्द आहेत. माझी चिठ्ठी मराठीत होती, पण फौंड्रीच्या मराठीत नव्हती. वहीचा तिसरा रकाना मी घरात पाळत होते आणि कामावर विसरले होते.

दुसरी अडचण ‘मी’ची होती. जर्मन क्रियापद बोलणारी बाई आहे की पुरुष हे सांगत नाही. ‘मी उद्या फोन’, इथंपर्यंत ठीक, पण पुढं करतो की करते? तिकडच्या दर्जा विभागातून येणाऱ्या मेलखाली नावाचं फक्त आद्याक्षर आणि आडनाव असायचं. साहेबांसाठी मी गोषवारा काढायचे त्यात वर्षभर ‘ते म्हणतात’, ‘मी पाहतो’ असं लिहीत आले. मग एकदा फोन आला आणि पलीकडून बाईचा आवाज. त्याच त्या. इतके दिवस मी माझ्या मनानं एक पुरुष तयार केला होता, आणि त्याला पुरावा काहीच नव्हता.

हे आज्जीला सांगितलं तर तिला अडचणच कळेना. कारण आमच्याकडं बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी खाल्लो’ असंच म्हणतात. आज्जी तसंच बोलते, आई तसंच बोलायची, मीसुद्धा घरात तसंच बोलते. शाळेत बाईंनी ‘येते, जाते’ म्हणायला लावलं, तेव्हापासून माझ्या ‘मी’ला दोन क्रियापदं आहेत, एक दाराच्या आतलं आणि एक बाहेरचं. पुस्तकी मराठीत जे लपवता येत नाही, ते आज्जीच्या मराठीत जर्मनसारखंच न सांगता सोडलेलं असतं. म्हणून मग बातम्यांतली माणसं मी घरात आज्जीच्या बोलीतच आणायला लागले.

जुलै 2021 मध्ये त्याचा कस लागला. 14 आणि 15 जुलैला पश्चिम जर्मनीत प्रचंड पाऊस झाला. आर नावाची छोटी नदी एका रात्रीत चढली, आणि त्या खोऱ्यात शंभराहून जास्त माणसं गेली. डॉइचे वेलेचं मुख्य ठाणं बॉनला आहे आणि ते खोरं बॉनपासून जवळच. सावकाश वाचणारा तोच आवाज त्या सकाळी वेगळा वाटला, की मलाच तसं वाटलं. शब्द मात्र सगळे ओळखीचे निघाले. ‘पेगेल’ म्हणजे नदीची पातळी, ‘श्लाम’ म्हणजे चिखल, ‘फरमिस्टे’ म्हणजे बेपत्ता. नदी ‘काठांवरून पाऊल टाकते’ असं जर्मन म्हणतात, आपली पात्राबाहेर पडते. दोन्हीकडं नदीला पाय आहेत.

2005चा आणि 2019चा महापूर आज्जीनं याच घरात बघितलेला. ती रोज विचारायची, आज काय म्हणत्यात. एका दिवशी रेडिओवर एक म्हातारी बाई बोलत होती. मी थांबवत थांबवत मराठीत सांगू लागले. पाणी तळघरात आलं, मग ती जिन्यावरून वर गेली, अंधारात बसून राहिली. आज्जी नुसती ऐकत होती. माझ्या लक्षात आलं की मी बातमीदारासारखं सांगतेय. मग तिच्याच तोंडून सांगितलं: “मी वर गेलो. दिवा न्हवता. रातभर तसाच बसलो.”

आज्जी पुढं सरकली. “भांडी वर घेतली का न्हाई तिनं?”

रेडिओत तसं काही नव्हतं. मी तसं सांगितलं. “मग इचारलं न्हाई व्हय कुणी?” आज्जीनं विचारलं.

पुढच्याच आठवड्यात आमच्याकडं झड लागली. सुतारवाड्यात पाणी शिरलं, जामदार क्लबपाशी आलं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43ला धोका, आणि पातळी 50च्याही वर गेली. आम्ही भांडी माळ्यावर टाकली आणि आज्जीला घेऊन राजारामपुरीत मावशीकडं गेलो. महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आलं, रस्ता बंद. बंदराकडं निघालेली आमची मालाची गाडी अडकली.

साहेबांनी फोनवर सांगितलं, “जर्मनीला कळवा, पाणी आलंय, गाडी निघणार नाही.”

मावशीच्या स्वयंपाकघरात मोबाइलवर लिहायला बसले. ‘दास वासर इस्ट गेकोमन’. व्याकरणात चूक नव्हती. पण कुठलं पाणी? वर्षाचे बाकीचे दिवस कोल्हापुरात ‘पाणी आलंय’ अशी हाक आली की बायका घागरी घेऊन नळाकडं पळतात. त्या चार-पाच दिवसांत तेच दोन शब्द ऐकून लोक घर सोडतात. कर्ता तोच, क्रियापद तेच, कुणी खुलासा मागत नाही. जर्मनीतल्या बाईंना यातलं काय पोचणार? ‘नदी काठांवरून बाहेर आली आहे’ असं लिहिलं, तर शाळेच्या पुस्तकासारखं वाटलं. शेवटी त्यांच्याच बातम्यांनी आठवडाभर कानात भरलेला शब्द घेतला, ‘होखवासर’. उंच पाणी. लिहिलं, आमच्या शहरात होखवासर आहे, पातळी धोक्याच्या रेषेच्या वर आहे, राष्ट्रीय महामार्ग बंद आहे, गाडी सुरक्षित पण थांबलेली आहे. वळीवासाठी जो शब्द सापडला नव्हता, तसा ‘पाणी आलंय’साठीही सापडला नाही, पण हा शब्द त्या क्षणी दोन्ही बाजूंच्या माणसांनी डोळ्यांनी बघितलेला होता.

थोड्याच वेळात उत्तर आलं. त्यात मालाबद्दल काहीच नव्हतं. विचारलं होतं, तुम्ही आणि घरचे सुखरूप आहात का. मी ते मोठ्यानं मराठीत वाचलं. आज्जीला वाटलं, रेडिओतल्या म्हातारीचाच निरोप आलाय.

ऑगस्टमध्ये पाणी उतरून, चिखल काढून, आम्ही घरी परतलो होतो. भिंती कमरेपर्यंत ओल्या. त्या बाईंचा फोन आला तेव्हा मी आज्जीशेजारीच बसले होते. आधी गाडीचं बोलणं झालं. मग आज्जीनं माझा हात धरला. “तिला इचार, त्या म्हातारीचं घर वाळलं का?”

आज्जीचं ‘तिला’ जर्मनमध्ये न्यायचं तर परकी, मोठी बाई म्हणून आदरानंच न्यावं लागतं. ते सोपं होतं. पण कोणती म्हातारी हे कसं सांगायचं? त्या बाई तिकडं राहतही नव्हत्या. मी सांगितलं की माझ्या आज्जीनं रेडिओवर आरच्या खोऱ्यातल्या एका वृद्ध बाईंना ऐकलं, आणि ती विचारतेय की त्यांचं घर आता वाळलं का.

फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, नाही, अजून नाही, तिकडे घराघरात यंत्रं लावून भिंती वाळवताहेत, महिनोन्‌महिने लागतील. मी आज्जीला सांगितलं.

“मशीन कशाला?” आज्जी म्हणाली. “शेगडी पेटवून ठेव म्हणावं खोलीत. पण दार उघडं टाकून. दार उघडं टाकायला इसरू नको म्हणावं.”

शेगडीला शब्द आठवेना. मी आधी दाराचं सांगितलं.